बुडालेली गिटार

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
७ जानेवारी २०२१

प्रिय अल्ताफ,

तंबोऱ्याचे फोटो मिळाले. सांगलीच्या त्या बाईंचं घर २०१९ च्या पुरात गेलं हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. तंबोरा दीड वर्ष गोणपाटात गुंडाळून पडला होता हे मात्र आत्ता कळलं. तबली उचकटलेली, भोपळ्याला आतून बुरशी, घोडी बेपत्ता. तुझा मुलगा म्हणतो, पंढरपूरकडचा नवा भोपळा आणा, नवं वाद्य बांधून द्या नि मोकळे व्हा. आणि तू मला विचारतोस, तुझं मत काय? अरे, तुझ्या अब्बांच्या दुकानात बसून नुसता पॉलिशचा वास घेत वाढलेला माणूस मी, माझं कसलं मत! पण पाण्यात बुडून परत आलेल्या एका वाद्याची हकीकत मला ठाऊक आहे. त्याचा मालक याच नाताळला गेला, त्यामुळे आठवडाभर डोक्यात तेच आहे.

टोनी राइस. ब्लूग्रासमधला गिटारवाला. इथून दीडेक तासावर रेड्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथे राहायचा. २५ डिसेंबरला सकाळी घरी कॉफी करता करता गेला. वय ६९.

ब्लूग्रास म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तू गोंधळशील. केंटकीच्या बिल मन्रोनं १९४० च्या दशकात बसवलेली बैठक. मॅन्डोलिन, बँजो, फिडल, गिटार, मोठा उभा बास. तालवाद्य एकही नाही. मॅन्डोलिनवाला मधल्या मात्रेवर तारा छेडून लगेच दाबतो, ‘चक्’ असा आवाज निघतो, तोच ठेका. गिटारवाल्याचं काम आपल्या पेटीवाल्यासारखं: गाणाऱ्याला धरून राहायचं, ओळ संपली की ठरलेली एक हरकत टाकायची नि पुन्हा गप्प. गिटारला पुढे आणलं ते डॉक वॉटसननं. तो इथलाच, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातला, दृष्टी नसलेला. फिडलच्या द्रुत चाली तो गिटारवर एका नखीनं वाजवायचा. आणि दुसरा कॅलिफोर्नियाचा क्लॅरन्स व्हाइट.

टोनीचा जन्म १९५१ चा, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा, पण तो वाढला लॉस एंजेलिसकडे. बाप वेल्डिंग करायचा आणि हौसेनं वाजवायचा. नऊ वर्षांचा असताना पोराला क्लॅरन्स भेटला, तोही तेव्हा सोळाचाच. क्लॅरन्सनं आपली गिटार त्याच्या हातात दिली. मार्टिन कंपनीची, १९३५ ची. पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवीच्या, तबली स्प्रूसची. तबलीवरचं गोल भोक कुणीतरी कधीतरी कोरून मोठं केलेलं, पट्टी मूळची काढून दुसरीच बसवलेली. तुझ्याकडे आणली असती तर आधी तू कपाळावर हात मारला असतास. पण भोक मोठं झालं की आतला घुमारा कमी होतो, बारीक सूर स्वच्छ सुटतात, हे तुला मी सांगायला नको.

पुढे साठीच्या दशकातच क्लॅरन्सनं ती पैशाच्या नडीत एका ओळखीच्याकडे ठेवली आणि ती तिथेच राहिली. १९७३ च्या जुलैत कार्यक्रम संपवून तो गाडीत सामान भरत होता, तेव्हा दारू प्यालेल्या एका बाईच्या गाडीनं त्याला उडवलं. २९ वर्षांचा होता. दोन वर्षांनी टोनीला त्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवलं. त्यानं फोन नंबर शोधून काढला आणि ५५० डॉलर देऊन गिटार घरी आणली. अनुक्रमांक ५८९५७. तो इथल्या वेड्यांना स्वतःच्या टेलिफोन नंबरासारखा पाठ असतो.

त्याच १९७५ साली जे. डी. क्रो या बँजोवाल्याच्या बँडबरोबर त्यानं जी तबकडी केली, तिला लोक कंपनीच्या क्रमांकानंच ओळखतात, ००४४. त्यात टोनी गातोही, भरदार, मखमली. ब्लूग्रासवाल्यांना आवाज लागतो उंच, टिपेचा. हा मुळात खर्जाकडचा माणूस, पण तो वरच्या पट्टीत गायला. पुढे बँड सोडून तो डेव्हिड ग्रिसमन या मॅन्डोलिनवाल्याकडे गेला. तिथे गाणं नव्हतंच, जॅझच्या अंगानं नुसतं वाजवायचं. तिथं त्यानं स्वरलिपी आणि स्वरमेळांचा अभ्यास केला. मग ‘मॅन्झनिटा’ १९७९ ला, ‘चर्च स्ट्रीट ब्लूज’ १९८३ ला. हे दुसरं तू ऐकच. बहुतेक सगळी एकटी गिटार आणि एकटा गळा. त्यातला उजवा हात ऐक. किती वेगानं वाजवतो हा प्रश्न गौण आहे. मधे मोकळी जागा किती सोडतो ते बघ. द्रुत वाजवतानाही घाई नाही. आणि हे सगळं सूट-टाय घालून! खेड्यातल्या मैदानावरचा जलसा असला तरी हा ऑफिसला निघाल्यासारखा.

आता तो पूर. टोनी तेव्हा फ्लोरिडात क्रिस्टल रिव्हर या गावी समुद्राजवळ राहायचा. मार्च १९९३ मध्ये मोठं वादळ आलं, समुद्र घरात शिरला आणि ती गिटार पाण्याखाली गेली. विचार कर, सरसाचे सांधे आणि खारं पाणी! पण तिला वाळवली, दुरुस्त केली आणि ती परत बोलली. त्यानंतरची वीस वर्षं तो तीच वाजवत होता. भोक कुणी ‘मूळचं’ करायला गेलं नाही.

पाठोपाठ, १९९४ ला, गळा गेला. वर्षानुवर्षं न पेलणाऱ्या पट्टीत गायल्यानं स्वरयंत्राचे स्नायूच आखडले म्हणतात. माइक नसताना नाटकातले गवई शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला असेच पट्टी चढवून गायचे ना? गाणं कायमचं थांबलं. साधं बोलणंसुद्धा खरखरीत, सुतारानं कानस फिरवावी तसं. मग गिटार एकटी राहिली. लोक म्हणतात, त्यामुळे ती जास्त गाऊ लागली. मला हे पटत नाही. ऐकणाऱ्यानं स्वतःचं समाधान करून घ्यायचं म्हणून ते बोलायचं. ती आधीपासूनच तशी वाजत होती.

मंचाबाहेर याचा छंद काय? बुलोव्हा कंपनीची अ‍ॅक्युट्रॉन घड्याळं दुरुस्त करायची. या घड्याळात टिकटिक नसते, आत इवलासा स्वरकाटा असतो, सेकंदाला ३६० कंपनं. कानाला लावलं की ‘ऊंऽ’ असं गुणगुणतं. मी पेटीवर ताडून बघितलं, काळी तीनपेक्षा किंचित उतरलेलं. स्वतःचा गळा बंद पडलेला माणूस टेबलाच्या दिव्याखाली बसून एक एक घड्याळ सुरात आणतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

२०१३ च्या सप्टेंबरात इथे रॅलेला ब्लूग्रासवाल्यांच्या संस्थेनं त्याला मानाच्या यादीत घेतलं. भाषणाला उभा राहिला, नेहमीच्या कानशीच्या आवाजात बोलला. म्हणाला, गळ्यावर मेहनत घेतोय. मग थांबला, श्वास घेतला आणि पुढची दोन-चार वाक्यं जुन्या, मूळ आवाजात बोलला. सभागृहात माणसं रडत होती म्हणतात. मी त्या संध्याकाळी वीस मिनिटांच्या अंतरावर घरात आमटीला फोडणी देत होतो. दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर पाहिलं आणि स्वतःला शिव्या घातल्या. लोकांसमोर त्यानं गिटार वाजवली तीही त्याच वेळी, शेवटची. पुढे कोपर आणि बोटं दुखायला लागली. कच्च्या हातानं परत यायचं नाही, या हट्टापायी तो पुन्हा मंचावर आलाच नाही. हट्ट बरोबर का चूक, यावर माझं नि मुलीचं नाताळापासून भांडण चालू आहे. ती म्हणते, यायला हवं होतं, लोकांनी काहीही ऐकलं असतं. म्हणूनच तर, असं माझं म्हणणं.

तर तुझ्या तंबोऱ्याचं. भोपळा अगदीच मऊ पडला असेल तर बदल, पण दांडी, खुंट्या आणि तबली फेकू नकोस. तबलीवर पाण्याचा डाग राहील, तो राहू दे, त्यावर रंग चढवू नकोस. बाईंना आधी विचार मात्र. आणि जवारी तू स्वतः कर, पोराला शेजारी बसव.

तारा चढल्या की फोनवर ऐकव. तुझे सकाळचे साडेसात म्हणजे आमचे आदल्या रात्रीचे नऊ, मी जागाच असतो. भाभींना सलाम.

तुझा,
वसंता