चीनमधल्या माणसांशी गप्पा



चीनला जाऊन आलेले आपल्यापैकी पुष्कळ आहेत. लांबच लांब भिंत, बादशहाचा राजवाडा, यांची वर्णने सगळ्यांनी वाचलेली आहेत, तेव्हा ती पुन्हा लिहून जागा अडवत नाही. आम्ही उभयता 2018 च्या ऑक्टोबरात, सुक्कोथचा सण आटोपल्यावर, बारा दिवसांच्या सहलीने बीजिंग आणि शांघायला गेलो होतो. भिंत पाहिली, गुडघे दुखले, फोटो काढले. पण घरी आल्यावर आठवत राहिली ती तिथली माणसे. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी इथे लिहितो.

आता भाषेचे काय केले, असे कोणीही विचारील. आमची गाईड सत्तावीस वर्षांची चिनी मुलगी, आणि हिब्रू अशी बोलायची की आमच्या नातवंडांनी ऐकावी. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठात 1985 पासून हिब्रू शिकवतात, तिथे ती शिकलेली. ती नसली की मोबाईल होताच. समोरचा माणूस आपल्या मोबाईलमध्ये बोलायचा आणि पडद्यावर इंग्रजी उमटायचे. कधी बरोबर, कधी भलतेच.

खरे सांगायचे तर जाताना मनात थोडी अढी होती. आम्ही अलिबागला शाळेत होतो तेव्हा आधी ‘हिंदी चिनी भाई भाई’ ऐकले आणि मग 1962 साली लढाई झाली. तेरा वर्षांच्या होतो. शाळेतल्या मुलींनी जवानांसाठी लोकर विणली, बायकांनी अंगावरचे सोने दिले. चिनी माणूस म्हटला की तेच डोळ्यांसमोर यायचे.

ही अढी पहिल्याच सकाळी निम्मी उतरली, आणि कशाने म्हणाल तर पेजेने! हॉटेलच्या न्याहरीत कोशर काय मिळणार म्हणून आम्ही चिवडा, चकल्या आणि लिंबाचे लोणचे बांधून नेले होते. पाहतो तर एका मोठ्या पातेल्यात तांदळाची मऊ पेज, आणि बाजूला खारवलेल्या भाज्या. ते तिला ‘झोऊ’ म्हणतात. आजारी माणसाला झोऊ, लहान मुलाला झोऊ, म्हाताऱ्याला झोऊ. आमची आई तरी दुसरे काय करायची? आम्ही आमचे लोणचे काढले. वाढणाऱ्या बाईने चव घेतली, डोळे मिचकावले आणि आणखी एक फोड मागून घेतली. तिथे घरोघरी होणारी दुसरी साधी गोष्ट म्हणजे टोमॅटो घालून केलेली अंड्याची भुर्जी. पेज, भात, भुर्जी आणि भाज्या यांवर आमचे बारा दिवस छान गेले.

तिथे जुनी माणसे भेटली की विचारतात, ‘ची ल मा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ उत्तर काहीही द्या, विचारण्यातच आपुलकी. आपल्या गावाकडे दुसरे काय विचारत? त्यापुढचे प्रश्नही ओळखीचेच: वय काय, मुले किती, पेन्शन किती मिळते. आमच्याबरोबरच्या काही इस्राएली मंडळींना ते खटकले. आम्हाला नाही. वय नाही विचारले तर ‘तुमचा प्राणी कोणता’ म्हणून विचारतात, कारण त्यांच्याकडे बारा वर्षांना बारा प्राणी आहेत. आम्ही 1949 च्या, आमचा निघाला बैल. ह्यांचा उंदीर. मग काय, सगळी बस दिवसभर हसत होती.

बालमित्रांनो, तिथे कोणी थंड पाणी पीत नाही बरं का! उपाहारगृहात बसलात की गरम पाणी पुढे येते. बीजिंगहून शांघायला आम्ही वेगवान गाडीने गेलो. तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर, ताशी 350 किलोमीटरचा वेग, आणि साधारण साडेचार तासांत पोचलो. अशा गाडीच्या डब्यातही उकळत्या पाण्याचा नळ! लोक घरून थर्मास आणतात, त्यात चहाची पाने घालतात आणि दिवसभर वरून पाणी ओततात. शेजारच्या बाकावरच्या आजीने आम्हाला बर्फ घातलेली बाटली पिताना पाहिले आणि आमच्या पोटावर बोट ठेवून मान हलवली. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचे नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, आले, अंडी आणि तांबडी साखर खायची. त्याला ते ‘महिना बसणे’ म्हणतात. आम्ही तिला मोबाईलवरून आपला सव्वा महिना, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला बांधायचे फडके असे सगळे सांगितले. ती ऐकत गेली आणि शेवटी शांघाय येईपर्यंत आमचा हात सोडीना.

ही आजी चारशे किलोमीटरवरच्या गावाहून नातवंडासाठी शहरात राहायला येत होती. म्हातारा गावीच. मुलगा आणि सून दोघे कामावर, तेव्हा मूल शाळेत जाईपर्यंत आजीने सांभाळायचे. असे तिथे घरोघरी चालते. सकाळी आठ वाजता कोणत्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहा, दप्तर आजोबांच्या खांद्यावर दिसेल.

एकदा टॅक्सीवाल्याने आम्ही मूळचे भारतातले हे ऐकून आमीर खानचे नाव घेतले. 2017 साली ‘दंगल’ तिथे फार चालला होता. पण त्याच्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ बागेत भेटले, ते म्हणाले, ‘के दिहुआ!’ आम्हाला काही कळेना. गाईडने सांगितले तेव्हा अंगावर काटा आला. के दिहुआ म्हणजे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यातले ते एक. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. व्ही. शांताराम यांचा चित्रपट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल. त्यांची चिनी पत्नी, ग्वो छिंगलान, आमच्यासारखीच परिचारिका. मुलाचे नाव त्यांनी ‘यिनहुआ’ ठेवले, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

त्यावर गाईड म्हणाली, तुमच्याकडेही आमचा एक डॉक्टर आहे. याकोब रोझेनफेल्ड हे ऑस्ट्रियातले ज्यू डॉक्टर. नाझींच्या तावडीतून सुटून 1939 साली शांघायला आले आणि 1941 पासून चिनी सैन्याबरोबर राहिले. पुढे इस्राएलला आले, 1952 साली तेल अवीवमध्ये वारले, आणि किर्यात शाऊलच्या कबरस्तानात त्यांची कबर आहे. इतकी वर्षे आम्ही या देशात दवाखान्यात नोकरी केली, हे नाव प्रथम ऐकले ते बीजिंगच्या बागेत.

ही बाग म्हणजे स्वर्गमंदिराचे उद्यान. मंदिर सुंदरच आहे, पण आम्ही जास्त वेळ बसलो ते लांब पडवीत. सकाळपासून तिथे निवृत्त माणसांची जत्रा. कोणी पत्ते खेळते, कोणी विणते, दहा-वीस बायका गाणे लावून नाचतात, साठीचे पुरुष पिसांचे फूल पायाने उडवत खेळतात. एक आजोबा काठीएवढा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे काढीत होते. पहिली ओळ वाळून जाते तोवर ते तिसरीवर. मुलांनो, हे अंगणात करून बघा.

इतकी तरतरीत माणसे निवृत्त कशी, असे आम्ही विचारले. तेव्हा तिथे निवृत्तीचे वय पुरुषांना 60, कचेरीतल्या बायकांना 55 आणि कारखान्यातल्या बायकांना 50 होते. 1 जानेवारी 2025 पासून हे वय पंधरा वर्षांत हळूहळू वाढवत 63, 58 आणि 55 वर नेत आहेत.

त्या पडवीत आमची ओळख एका नर्सशी झाली. आम्ही नर्स होतो हे गाईडने सांगताच ती उठून उभी राहिली आणि आमचे दोन्ही हात धरले. आमच्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून ‘दाजिए’ म्हणू लागली, म्हणजे थोरली ताई. मग दोन नर्सा बसल्या की काय होते ते तुम्ही जाणताच! ह्यांना आम्ही फोटो काढायला पिटाळले.

ती सांगत होती, तिच्या दवाखान्यात नर्सने औषधे द्यायची, सुई द्यायची, नोंदी ठेवायच्या. अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे हे नातेवाइकांचे काम. नातेवाईक नसले तर पैसे देऊन बाई ठेवायची. आम्हाला मुंबईचे दवाखाने आठवले, तिथेही पलंगाखाली चटई टाकून घरचे माणूस असतेच. आणखी एक साम्य निघाले. साधा ताप आला तरी लोक सलाईन लावा म्हणून बसतात, गोळी दिली तर डॉक्टर कच्चा! म्हणून 2016 पासून जियांगसू प्रांतातल्या मोठ्या दवाखान्यांनी बाहेरच्या रुग्णांना अँटिबायोटिकची सलाईन देणे बंद केले, असे ती म्हणाली. बरे केले. आमच्या मते हे सगळीकडे व्हावे.

मग तिने विचारले, मुले किती? आम्ही चार बोटे दाखवली. तिने एक बोट वर केले आणि तसेच धरून ठेवले.

चीनमध्ये 1980 पासून 2015 अखेरपर्यंत एका घरात एकच मूल असा नियम होता. गावाकडे आणि काही जमातींना सवलत होती, शहरात मात्र कडक. ती त्या काळात प्रसूतीच्या वॉर्डात कामाला होती. तिने त्या वर्षांतले थोडे सांगितले. गाईड भाषांतर करता करता दोनदा थांबली. आम्हीही बाळंतिणींच्या वॉर्डात बावीस वर्षे काढली आहेत, आम्हाला शब्दांवाचून समजले. ते सगळे इथे लिहीत नाही, हे पान मुलेही वाचतात.

मुलांसाठी दुसरी गोष्ट सांगतो. बसमध्ये गाईडला आम्ही विचारले, हिब्रूत सगळेच ‘दोद’ आणि ‘दोदा’, तुमच्यात काय म्हणतात? ती म्हणाली, अहो, आमच्यात एकाला एक नाव नाही! मामा म्हणजे ‘जिउजिउ’, मामी ‘जिउमा’, आत्या ‘गूगू’, बापाचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’. चुलतभाऊ वेगळा, मामेभाऊ वेगळा. आईची आई उत्तरेत ‘लाओलाओ’, दक्षिणेत ‘वाइपो’. त्याच वर्षी, 2018 च्या जूनमध्ये, शांघायच्या शाळेच्या पुस्तकात ‘वाइपो’ काढून ‘लाओलाओ’ छापले म्हणून लोकांनी एवढा गहजब केला की शब्द परत घालावा लागला. आजीच्या नावासाठी भांडणारे लोक, आम्हाला फार आवडले.

पण पुढे ती म्हणाली, “मी एकटी, माझा होणारा नवराही एकटा. आमच्या मुलाला हे शब्द शाळेत पाठ करावे लागतील. त्याला ना मामा, ना मावशी, ना काका, ना आत्या.” बालमित्रांनो, कागद घेऊन काढून बघा, ती म्हणते ते खरे आहे. 2016 पासून दोन आणि 2021 पासून तीन मुलांना परवानगी मिळाली, तरी पाळणे काही हलेनात. 2022 पासून तिथली लोकसंख्या कमी होऊ लागली आहे.

त्यांच्याकडे नावे आहेत, माणसे नाहीत. आमच्या घरी उलट. पेसाहला टेबलाभोवती एकतीस माणसे बसतात, आणि नातवंडांना सगळेच दोद. परत आल्यावर आम्ही एका मोठ्या कागदावर मराठी नाती लिहून फ्रिजवर लावली. धाकट्या नातीला ‘आतेभाऊ’ शब्दाचे हसू येते, पण म्हणते.

शांघायचे थोडक्यात सांगतो. ओहेल मोशे सिनेगॉग पाहिले, तिथे आता निर्वासितांचे संग्रहालय आहे. जवळजवळ वीस हजार ज्यूंना त्या शहराने आसरा दिला. मुंबईच्या ससून घराण्याची इमारत नदीकाठी अजून उभी आहे. शनिवारी शब्बाथ म्हणून हॉटेलातून चालतच पीपल्स पार्कमध्ये गेलो. तिथे लग्नाचा बाजार भरतो! आईबाप उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवून त्यांवर मुलामुलीचे वय, उंची, शिक्षण, पगार आणि घर आहे की नाही ते कागदावर लिहून चिकटवतात. एक बाप म्हणाला, “मुलगी तेहतीस वर्षांची आहे, मी इथे येतो हे तिला माहीत नाही.” ह्यांनी आमच्या गोत्रातले सगळे ब्रह्मचारी मनात मोजले असणार.

त्या नर्सची एकुलती मुलगी कॅनडात, टोरांटोला. नातू नऊ वर्षांचा, मोबाईलवर दिसतो, इंग्रजीत बोलतो. मुलगी ये म्हणते. “ताई, तिथे मी बोलू कोणाशी?” असे तिने आम्हाला विचारले. आमची आई हेच विचारायची, अलिबागेहून, निळ्या आंतरदेशीय नव्हे, त्या परदेशी पत्रांतून, पंधरा-पंधरा दिवसांनी पोचणाऱ्या. आम्ही 1969 साली निघालो. ती कधी आली नाही. 1983 साली तार आली. आजवर आम्ही जे बोललो ते सोडून आलेल्यांशीच बोललो, मागे राहिलेल्या बाईशेजारी असे कधी बसलो नव्हतो. तिला काय उत्तर द्यायचे ते सुचले नाही. आम्ही तिला पिशवीतली चकली दिली. तिने अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात बांधली.

गाईडच्या मध्यस्थीने ख्यालीखुशाली अजून चालू आहे. 2020 च्या मार्चमध्ये तिनेच आधी विचारले, तुमच्याकडे मास्क आहेत का, पाठवू का? 2023 साली प्रवास मोकळा झाल्यावर ती मुलीकडे तीन महिने राहून आली. परत आल्यावर पडवीतला फोटो पाठवला, मैत्रिणींनी तिची जागा रुमाल टाकून धरून ठेवली होती.