पाकातली रताळी

परवा आमच्या घरात भांडण झालं. एका बाजूला मी आणि माझी एक्सेल शीट, दुसऱ्या बाजूला आई. ज्यांच्यावरून भांडण चाललं होतं ते बाबा मधे सोफ्यावर ग्लुकोमीटर घेऊन बसले होते. आणि कारण काय? तर रताळी!

झालं असं की आईबाबा सध्या आमच्याकडे कोलंबसला आलेत. आषाढी एकादशी आली. दोघांचाही उपास. बाबांना बारा वर्षं डायबेटिस आहे, पण "आषाढी सोडणार नाही" हे ठरलेलं. आईने दोन दिवस आधीच बजावलं होतं, "येताना रताळी आण रे." मी त्या आठवड्यात ऑन-कॉल. रात्री दोनला फोन, पहाटे चारला फोन. दुकानात ताज्या रताळ्यांचा ढीग होता, खोटं का बोला. पण ती धुवा, उकडा, सोला... कोणी सांगितलंय! पलीकडच्या रांगेत डबे दिसले. सोललेली, शिजवलेली, तय्यार. वर ठळक अक्षरात 'यॅम्स', खाली बारीक अक्षरात 'स्वीट पोटॅटोज इन सिरप'. दोन डबे उचलले आणि घरी आलो.

बाबा एकदम खूश. "अरे वा, तुझ्या आईच्या फोडींसारखीच लागतायत की!" म्हणत दोनदा घेतली, वर पाकही ओतून घेतला. दोन तासांनी शुगर बघितली तर २६४. एरवी जेवणानंतर १७०च्या आसपास असते.

मग अस्मादिकांनी काय केलं? सर्व्हर पडल्यावर लॉग वाचतात तसं, कचऱ्यातला डबा काढून लेबल वाचलं. हे आधी करायला हवं होतं, मान्य.

पहिली गोष्ट, डब्यात यॅम नव्हताच. खरा यॅम म्हणजे आपलं कोनफळ, त्याचं कुळ वेगळं. अमेरिकेत १९३०च्या दशकात लुइझियानातल्या शेतकऱ्यांनी आपली केशरी, मऊ रताळी वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांना 'यॅम' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. व्हेरिएबलचं नाव एक, आत टाइप भलताच.

दुसरी गोष्ट, रताळं स्वतः गुणीच आहे. तो केशरी रंग म्हणजे बीटा-कॅरोटिन, शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. आपल्याकडच्या आतून पांढऱ्या रताळ्यात ते अगदीच कमी. केशरी रताळी आफ्रिकेत घरोघरी पोचवून अ जीवनसत्त्वाची कमतरता हटवण्याच्या कामाला २०१६ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालंय. डब्यात घालताना कॅरोटिन थोडं घटतं, पण बरंच शिल्लक राहतं.

मग बिघडलं कुठे? अमेरिकन कृषी खात्याचे आकडे काढले. सालासकट भाजलेलं रताळं, १०० ग्रॅम: ९० कॅलरी, २१ ग्रॅम कर्बोदकं, ३.३ ग्रॅम तंतू. डब्यातलं, पाक निथळून, १०० ग्रॅम: १०८ कॅलरी, २५ ग्रॅम कर्बोदकं, ३ ग्रॅम तंतू. क जीवनसत्त्व जवळपास निम्मं आणि पोटॅशियम निम्म्याहून कमी, पण बाकी फरक तसा किरकोळच. म्हणजे खरा घोळ निथळून टाकायच्या पाकात होता, आणि आम्ही तो वाटीत ओतून घेतला होता. लेबलवर एका वाढपाला, म्हणजे दोन तृतीयांश कपाला, साखर वीस ग्रॅमच्या वर. चार ग्रॅमचा एक चमचा धरला तर पाच चमचे. बाबांनी दोनदा घेतलेली. दहा चमचे!

हे सगळं मी शीटमधे मांडून आईला दाखवलं. आई शांतपणे म्हणाली, "त्या पाकात काय काय आहे?"

"पाणी, साखर, कॉर्न सिरप..."

"कॉर्न म्हणजे मका?"

"हो."

"अरे, मका उपासाला चालत नाही! मोडला ना आमचा उपास!"

दहा चमचे साखरेचं काही नाही, मक्याचं दुःख! रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो तो कसावा, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. मकाही तिकडचाच. पण बाकीच्यांना उपासाचा व्हिसा मिळाला, मका बाहेर राहिला. मी हसलो. तिथेच थांबायला हवं होतं.

पण नाही. बाबा म्हणाले होते ना, "तुझ्या आईच्या फोडींसारखी". मी आईला विचारलं, "तू फोडींना साखर किती घालतेस?" "चौघांना एक वाटी." मी वाटी काट्यावर ठेवली. १२० ग्रॅम. भागिले चार, माणशी ३० ग्रॅम. वर तूप वेगळं. "म्हणजे बघ, डब्यातल्या एका वाढपापेक्षा तुझ्या फोडींत साखर जास्त आहे!" मोठा बग सापडल्यासारखं मी जाहीर केलं.

आई काही बोलली नाही. वाटी उचलली, साखर डब्यात परत ओतली. मग म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं ह्यांच्या पोटात साखर मीच घातली म्हणायची."

आकडा बरोबर होता हो. पण चाळीस वर्षं दर एकादशीला पहाटे उठून वेलदोडे कुटणाऱ्या बाईला तो कुठल्या तोंडाने सांगायचा, याचं लेबल कुठे मिळतं? आजोबांना डायबेटिस होता, आत्याला आहे, एकट्या फोडींनी काही झालं नाही, हे सगळं मी नंतर सांगितलं. तिने ऐकलं, पण उशीर झाला होता. आणि त्या दिवशीचे दहा चमचे तर माझेच होते, ते बाजूलाच राहिले.

पंधरा दिवसांनी पुढची एकादशी. या वेळी मी ताजी रताळी आणली, सालासकट उकडली. आईने दही, दाण्याचं कूट, जिरं आणि मीठ घालून कोशिंबीर केली. रताळी मोजून घेतली, तिनेच काटा मागितला. दोन तासांनी बाबांची शुगर १७८.

"बरी झालीय," बाबा म्हणाले, "पण फोडींची सर नाही."

"पुढच्या आषाढीला दोन फोडी मिळतील," आई म्हणाली. "दोनच. आणि त्याला विचारून नाही, मी ठरवणार."

मी काही बोललो नाही. एवढं शिकलोय.

असो. उरलेला एक डबा अजून कपाटात आहे. उघडलाच तर पाक निथळून, पाण्याने धुऊन घेईन. आणि लेबल आधी वाचेन.