रात्रीची लाईट आणि आबा

आज पिकाची नोंद नाही.

आबांना डिमेन्शिया होऊन चार वर्षं झाली. दिवस मावळला की घालमेल वाढते. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची. मी दारे धरत होतो, वळून बघतो तर आबा विहिरीच्या काठावर. म्हणाले, "मोट थांबव, बैलं सोडायचीत." बैलं विकून दहा वर्षं झाली.

फवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवल्या. विहिरीला कुलूप कसं लावायचं?

तीन केंद्रं पाहिली. एकात फरशी चकाचक, पण रात्री किती माणसं असतात ते सांगेनात. दुसरीकडं एक म्हातारा खुर्चीला बांधलेला. तिसरं साधंच. त्यांनी आधी विचारलं, "आबांना काय करायला आवडतं?" म्हटलं, खुरपणी. मागं भाजीचे चार वाफे होते. नंतर न सांगता संध्याकाळी गेलो, तरी सगळं तसंच. तिथं ठेवलं.

गाव म्हणतं, बाप टाकला. दर रविवारी जातो. मला ओळखत नाहीत, पण परवा विचारलं, "पाव्हणं, तुमच्याकडं पाऊस झाला का?"

कुणावर वेळ आलीच, तर केंद्र दुपारी नाही, दिवस मावळताना बघा.