मूठ सोडल्यावर

पावसाळा सरत आला की माझ्या दुकानात एकच तक्रार येते: ‘सायकल जड चालतेय.’ मागच्या सप्टेंबरात शाळेत जाणारी एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडिलांनी चेनला दोनदा तेल घातलं होतं, हवाही भरली होती. मी मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. दीड फेऱ्यांत थांबलं. ब्रेक दाबून सोडला, तर एका बाजूचं रबर रिमला टेकूनच राहिलं. म्हणजे ही पोर रोज ब्रेक दाबलेला ठेवूनच चढ चढत होती. मला फार वाईट वाटलं.

रिम ब्रेक लागतो तेव्हा त्याच्यामागे अख्ख्या पंजाचा जोर असतो. सुटताना मात्र सगळं काम एका बारीक स्प्रिंगवर पडतं. त्यामुळे वायरीत जरा गंज धरला, तर ब्रेक लागायला अडत नाही, सुटायला अडतो. हे न कळता लोक स्प्रिंग वाकवून कडक करतात. मूठ तेवढी जड होते, दुखणं जागच्या जागी राहतं.

मी आधी स्क्रूला हातच लावत नाही. पहिल्यांदा चाक बघतो. नट ढिले करून, सायकल जमिनीवर सरळ उभी धरून पुन्हा आवळले की कित्येकदा ‘एका बाजूला घासणारा’ ब्रेक आपोआप मधोमध येतो. चाक फिरताना ठरावीक जागीच घासत असेल तर चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला हवा. तिथे ब्रेकचा काही दोष नाही. मग वायर ब्रेकवरून सोडवायची आणि दोन्ही आर्म बोटांनी दाबून सोडायचे. झटक्यात मागे आले तर खोट वायरीत किंवा मुठीत. रेंगाळले तर जिथे ते फिरतात त्या पिनेत. या एका परीक्षेवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे.

१९९६च्या सुमारास शिमानोचा व्ही-ब्रेक आला, आणि आता साध्या सायकलींनाही तो असतो. त्याचे आर्म काढून पिना पुसाव्यात, किंचित ग्रीस लावावं. बोल्ट बेताने आवळावा; फार आवळला तर पिनेचं तोंड फुगतं आणि आर्म कायमचा अडकतो. दोन्ही बाजूंना छोटे स्क्रू असतात. जे रबर रिमच्या जास्त जवळ आहे, त्याच बाजूचा स्क्रू अर्धा फेरा आत घ्यावा. आर्म बाहेर सरकतो. जुन्या कॅलिपर ब्रेकला पुढे दोन नट असतात. आतला इतकाच आवळायचा की आर्म डुगडुगू नयेत पण मोकळे फिरावेत, आणि मग बाहेरच्याने तो जागी पक्का करायचा.

रबरं बघायला विसरू नये. ती रिमच्या खाली उतरली असतील तर झिजून त्यांना पायरी पडते, आणि तीच रिमच्या कडेत अडकते. पायरी कापून, पॉलिश पेपरने घासून रबर नीट बसवावं, दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटर फट ठेवावी. तेल मात्र रिमवर थेंबभरही नको.

वायर बदलताना तिच्यावरचं आवरण, म्हणजे आउटर, ब्रेकचाच घ्या. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असतात, ब्रेकच्या ताणाने तो फुटू शकतो. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते. कापल्यावर तिचं टोक आत वळतं आणि वायरला चावतं. ते कानसीने सपाट करावंच लागतं. घाईत बहुतेक जण इथेच चुकतात.

त्या मुलीच्या सायकलीचे आर्म मोकळे होते. सीटजवळच्या वळणावर आउटरचं प्लॅस्टिक चिरलं होतं. मी तो आउटर कापून वाकवला, तर तळहातावर तांबडं पाणी आलं. वडील बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. नवी वायर घालून मी चाक फिरवलं, आणि पोरीने फेऱ्या मोजायला सुरुवात केली.