दोन यंत्रांमधला दुभाषा

मोबाईलला मोटारीतील पडद्याशी बिनतारी जोडणारी चिमुकली पेटी परवा देवणीहून उदगीरला जाताना अकस्मात मूक झाली, म्हणून दुरुस्तीसाठी तिचे झाकण उघडले. हिरव्या पाटीच्या कडेला अनामिक टिकल्या होत्या. त्यांना डाख देऊन तारा जोडल्या आणि सेकंदाला 1,15,200 बिट या गतीने संगणक ऐकू लागताच अक्षरांच्या ओळी झरझर उमटल्या: नखाएवढ्या चिपेत लिनक्स जागे होत होते! मोटारीपुढे मोबाईल आणि मोबाईलपुढे मोटार म्हणून रुजू होणारी ही पेटी, आमच्या सीमेवरच्या बाजारात मराठी शेतकरी आणि कानडी व्यापारी यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या दुभाष्याप्रमाणे, दोघांच्याही विश्वासावर जगते.

तो विश्वास कोणी मोडला तर, या विचाराने मन व्यापले. 2015 साली चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक यांनी कोसो दूर बसून, करमणुकीच्या यंत्रणेतून शिरकाव करीत, महामार्गावर धावत्या जीपची गती हरण केली आणि कंपनीला सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कोणताही दस्तऐवज हाती नसता संदेशामागून संदेश ताडून पाहणाऱ्या अशा चिकाटीविषयी मला नितांत आदर वाटतो. विकत घेतलेल्या वस्तूची कैफियत वाचण्याचा हक्क मालकाला असलाच पाहिजे.

पेटीतला दोष निघाला तो निखळलेल्या डाखाचा. पेटी सुरू झाली; तिचे संदेशही वाचू पाहिले, पण मोबाईल आणि मोटार यांच्या जुळणीच्या वेळचे संदेश कूटबद्ध आहेत, तिथेच तूर्त थांबलो आहे.