सेल्फी झाला? आता मागे वळा!

इंटरलाकेनच्या बागेत यश चोप्रांचा पुतळा आहे, २०१६ साली बसवलेला. आपले टूर ग्रुप तिथे फोटो काढतात आणि ट्रेन पकडून थेट युंगफ्राऊयोख! ३४५४ मीटरवरचं हे स्टेशन १९१२ मध्ये सुरू झालं, तेही आयगर आणि म्योंख या दोन शिखरांच्या पोटातून बोगदा खणून. वर जायचं, बर्फात लोळायचं, चॉकलेट घ्यायचं, खाली यायचं. पैसे वसूल.

पण बॉस, बर्नीज आल्प्सची खरी गंमत खिंडीच्या मागच्या बाजूला आहे. उत्तरेकडचं पाणी आरे नदीतून (आपली मिल्क कॉलनी नव्हे!) ऱ्हाइनला आणि पुढे नॉर्थ सीला मिळतं. दक्षिणेकडचं ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला. पोस्टरवर मिरवतात आयगर, म्योंख, युंगफ्राऊ. रांगेतलं सगळ्यात उंच शिखर मात्र मागे दडलेलं फिन्स्टरारहॉर्न, ४२७४ मीटर. त्याला विचारतो कोण?

आणि दक्षिणेला पायाशीच सुरू होतो आलेच, आल्प्समधला सर्वांत मोठा ग्लेशियर. त्याच्या काठच्या कड्यावर गिर्यारोहकांसाठी १८७७ मध्ये कॉनकॉर्डिया हट बांधली, तेव्हा बर्फ जेमतेम ५० मीटर खाली होता. आज बर्फावरून हटपर्यंत पोचायला कड्याला ठोकलेला लोखंडी जिना चढावा लागतो. पायऱ्या चारशेच्या वर! हट आहे तिथेच आहे, बर्फ खचतोय. अधूनमधून जिन्याला खालून नव्या पायऱ्या जोडाव्या लागतात.