मोटारीचे अभ्यंगस्नान

पोळ्याला सापन नदीवर बैलांची आंघोळ चाले, ती पाहत मी अचलपुरात वाढलो. आता गोठा नाही. दारात मोटार आहे. दिवाळीत घरातल्या साऱ्यांना अभ्यंगस्नान, मग तिनेच काय घोडे मारले?

तिच्या स्नानालाही शास्त्र आहे. वऱ्हाडची काळी माती वाळली की पिठासारखी अंगावर बसते. कोरड्या फडक्याने पुसावी, तर तिच्यातली खर रंगावर ओरखडे काढते. म्हणून सावलीत, पत्रा थंड असताना, फवाऱ्याने फेस मारायचा. तो पत्र्याला धरून राहतो आणि मळाची पकड सोडवतो. वाळण्यापूर्वी वरून खाली पाणी सोडायचे. भांड्यांचा साबण मात्र नको. तो मळाबरोबर मेणाचा थरही नेतो. गाडीसाठीचा सौम्य शांपू बरा.

शेजारी म्हणतात, “कायले एवढं राबता भाऊ? गाडी धुवाले माणूस भेटते!”

वडील बैलाच्या खांद्यावरून हात फिरवीत, तेव्हा सोलटलेली जागा बोटांना आधी कळे. तो हात बैलालाही कळे. मोटारीला कळत नाही, हे मान्य. पण राबणाऱ्यावरून हात फिरवण्याची ही सवय मोडली, तर उद्या तो माणसांवरूनही फिरेनासा होईल, अशी मला धास्ती वाटते.